ओढ्यावरून कोण जातं

करंजखोरे, ता. शिराळा
१२ जानेवारी १९७५

मित्र जाफर शिकलगार यास नाथाजी शेवाळेचा राम राम.

आपल्या गावात लाईट आली. दत्तजयंतीला बटण दाबलं. तुझ्यासाठी पुढं खुर्ची ठिवली हुती, ती शेवटपातुर रिकामीच ऱ्हायली. तुझ्या कालेजात परीक्षा हुत्या, मला ठावं हाय. तरी बी बोलणार. आपण चौथीपातुर एका पाटावर बसलो, तेवढा हक हाय.

पलटणीतनं आल्यावर चार वरसं मी तालुक्याला खेटं घातलं. सरपंच झालो ते ह्या एकाच कामापायी. देवळाम्होरचा बल्ब लागला तवा म्हातारी माणसं हात जोडून हुबी ऱ्हायली. मीबी जोडलं, सांगू नगंस कुणाला.

आता दुखणं ऐक. लाईट येती, पर दिवं लागायच्या टायमालाच जाती. वढ्याकाठच्या वडावर वाघळं हायत, हजार तरी. दिवस मावळला की उठत्यात. नवी लाईन वडाच्या खालच्या अंगानं वढा वलांडती. चार तारा, फूट-सव्वा फुटाच्या अंतरानं. वाघळाचं पंख पसरलं की चार फूट. एखादं दोन तारांत अडाकतं, फाट्‌दिशी आवाज हुतो, डीपीवरचा फ्यूज जातो. मग दुसऱ्या दिवशी वायरमन अर्जुना शिराळ्यासनं सायकल मारत येणार. आठवड्यात चारदा झालं. माणसं मला बघून वरडत्यात, "सरपंच, लाईट!"

तू सातारला विजेचा मास्तर. इंजनेर घडिवतोस. तुझ्या पोरांना इचार आन् कायतरी औषध धाड. बंदुकीचं लायसन मिळतंय का तेबी बघ.

अंबू म्हंती, मेहरुनवयनींना काकवी धाडते म्हणून सांगा.

तुझा,
नाथा


सातारा
२१ जानेवारी १९७५

प्रिय नाथा,

खुर्चीचं लिहिलंस ते लागलं. पुढच्या खेपेला खुर्ची नको, घोंगडं टाक, पण मी येईन.

तुझं पत्र मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मोठ्यानं वाचलं. शिव्या नव्हत्या म्हणून सोपं गेलं. अठ्ठावीस मुलं आहेत. म्हटलं, उपाय लिहून द्या. अर्ध्या तासात कागद आले. बंदूक अकरा, धूर आठ, झाड तोडणं पाच, फटाके चार. झाले अठ्ठावीस. मी कागद दोनदा चाळले. वाघळांना हलवायला सगळे तयार, लाईनीला हात लावायचं एकाच्याही मनात आलं नाही.

मुलांवर चिडणार होतो. मग आठवलं, त्यांना लाईनीचा सर्व्हे शिकवला कोणी? मीच. आमच्या तक्त्यात रकाने असतात: रस्ता, नदी, रेल्वे, टेलिफोनची तार, घर. लाईन ज्याला ज्याला ओलांडते त्याची नोंद करायची. नऊ वर्षं मी तो तक्ता फळ्यावर काढतोय. पण आभाळातून जाणारी वाट जमिनीवर दिसत नाही, तिच्यासाठी त्यात रकानाच नाही. परवा मी एक वाढवला: 'इथून आणखी कोण जातं-येतं?' एक हुशार मुलगा म्हणाला, "सर, हे परीक्षेत येतं का?" मी म्हटलं, या वर्षीपासून येतं.

तेव्हा मला माहिती पाठव. सोबत चौदा प्रश्न जोडले आहेत. वाघळं किती वाजता उठतात, कोणत्या दिशेला जातात, कोणत्या दोन खांबांमध्ये मरतात. तू पलटणीच्या सिग्नलमध्ये तारा ओढलेला माणूस आहेस, तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे. बंदुकीचं नंतर बघू.

अंबूवहिनींना सांग, काकवीच्या नावानं मेहरुननं बरणी घासून ठेवली आहे.

तुझा,
जाफर


करंजखोरे
८ फेब्रुवारी १९७५

जाफर,

तुझ्या चौदा प्रश्नांनी बल्ब लागत न्हाई. औषध मागितलं तर डाक्टर म्हंतोय, आधी तूच नाडी बघून कळीव.

तरी पाच सांजा वढ्यावर बसलो. रिपोट असा. उठायला सुरवात सा वाजून पन्नास मिन्टांनी. सवासातला वड मोकळा. वरच्या अंगाला एकबी जात न्हाई. सगळी खालच्या अंगाला. आधी डोहाकडं उतरत्यात, पाण्याला छाती घासत्यात, मग वर उठत्यात. आन् उठत्यात तिथंच बरुबर लाईन. मेली ती सगळी त्या एकाच गाळ्यात, सातव्या आन् आठव्या खांबाच्या मधी. असं का उतरत्यात ते त्यास्नीच इचार, मला त्यांची भाषा येत न्हाई.

नानासो जाधव चावडीवर म्हणाला, "सरपंच आता वाघळांची हजेरी घ्याय लागलाय." लोक हसली. तू तिथं पोरांना शिकीव, हितं माझी शोभा हुतीया.

वडाचं काय करायचं ते आमी गाव बघतो.

नाथाजी


सातारा
१७ फेब्रुवारी १९७५

हवालदारसाहेब,

तुझा रिपोर्ट जसाच्या तसा फळ्यावर लिहिला. वर्गात आकाराम नावाचा मुलगा आहे, म्हसवडकडचा, मेंढपाळाच्या घरचा. वर्गात तोंड उघडत नाही. तो उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ती पाणी प्यायला उतरत असतील. मेंढरं सुटली की आधी पाण्यावरच जातात. आमच्यात मेंढरं कुठल्या वाटेनं जातात ते बघून मग वाड्याची जाळी लावतात. वाटेवर लावली तर मेंढरू बी मरतं आन् जाळी बी फाटती."

नाथा, मी जे तासभर सांगत होतो ते त्यानं एका दमात सांगितलं. 'जाळी बी फाटती' हे मी वहीत लिहून घेतलं.

शिमग्याच्या सुट्टीत काही मुलांना घेऊन येऊ का? आणि वडाचं 'गाव बघतो' म्हणजे काय? नीट लिही.

जाफर


सातारा
१६ मार्च १९७५

प्रिय नाथा,

महिना झाला. उत्तर नाही. तू रागावला आहेस असं धरून लिहितोय.

तुझं गाव अंधारात आणि मी त्या अंधारावर मुलांना धडे देतोय, असं तुला वाटलं असेल. तसं वाटणं चुकीचं नाही. मला ते आधी कळायला हवं होतं. चार वर्षं खेटे तू घातलेस, मी नव्हे. दोन ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

जाफर


करंजखोरे
२४ मार्च १९७५

जाफरभावजींना अंबूबाईचा नमस्कार.

माजं अक्शर वंगाळ हाय, दुसरीपातुर शिकल्ये. समजून घ्या. ह्यांला ठाव न्हाई मी लिवत्ये ते.

हे रागावलं न्हाईत. त्यांचा उजवा हात मोडलाय, मनगटात. पलाष्टर हाय. गावात सांगितलंय का फ्यूज बघाय खांबावर चढलो आन् पाय घसरला. तसं न्हाई. शिवरात्रीच्या सांजंला एक वाघूळ चिकाटलं. लाईट गेली. हे नेमापरमानं वढ्यावर गेलं, मीबी मागनं गेले. तर मेलेल्या वाघळाच्या पोटाला पिल्लू हुतं. जितं. हालत हुतं. हे बघत ऱ्हायलं. मग काय बोललं न्हाईत, डीपीवर जाऊन तिन्ही फ्यूज काढलं, खिशात घातलं, आन् दोर घिऊन खांबावर चढलं, दोर टाकून वाघूळ जवळ वढलं. पिल्लू सदऱ्यात घातलं. उतरताना हात सुटला. बारा फुटावनं पडलं. आवं, पालथं पडत हुतं ते मधीच वळून पाठीवर पडलं, हात खाली घावला. पिल्लू चेपाय नगं म्हणून. मी माज्या डोळ्यानं बघितलं.

आता शेळीचं दूध वातीनं पाजत्यात. दिसभर त्यांच्या गळ्यातल्या झोळीला उलटं टांगून असतंय. कुणी आलं की ह्ये वरनं उपरणं टाकत्यात.

आन् वड इकलाय. माघात ठराव झाला. सही ह्यांचीच. इस्लामपूरचा लाकूडवाला पाडवा झाला की कुऱ्हाडी घिऊन येणार. ह्ये तुमाला लिवाय लाजलं. आता त्यांच्या मनात न्हाई, पर दिल्याली सही माघारी कशी घेयाची, म्हंत्यात. भाकरी निम्मीच खात्यात.

तुमी या. मी बोलावलं म्हणून सांगू नगा.

अंबूबाई


सातारा
२९ मार्च १९७५

प्रिय नाथा,

तुझ्या उत्तराची वाट बघण्यात अर्थ नाही, म्हणून कळवतोय, विचारत नाही. प्रात्यक्षिकासाठी सहा मुलांना घेऊन ७ एप्रिलला संध्याकाळच्या गाडीनं येतो. पाडव्याच्या आत परतायचं आहे. चार दिवस देवळात मुक्काम करू. भाकरीचं पीठ आम्ही आणू, वहिनींना त्रास नको.

प्रिन्सिपॉलसाहेबांची परवानगी घेतली आहे. आता तू नको म्हणालास तर मुलांचे मार्क जातील.

जाफर


करंजखोरे
१९ एप्रिल १९७५

जाफरला राम राम.

डाव्या हातानं लिवतोय. अक्षर बघून हसू नगंस.

अंबूनं कागद धाडला हुता ना? तू आलास, माझा हात बघितलास, झोळीला टांगल्यालं पिल्लू बघितलंस, आन् एक अक्षर इचारलं न्हाईस. तवाच वळीखलं. मीबी बोललो न्हाई. बरं झालं तिनं लिवलं.

तू शिराळ्याला लाईटीच्या सायबाकडं गेलतास ती सांज तुला सांगायची ऱ्हायली. तुझी सा पोरं डोहाच्या कडंला पालथी पडल्याली. चिखलात. त्यातला तो इस्त्रीवाला बी, कडक घडीच्या कापडातला. वाघळं सुटली तसा आकाराम मोजाय लागला. इसा-इसानं, मेंढरं मोजत्यात तसा, बोटं हालवत. अकराशे चाळीस, म्हणाला. पयल्या दिशी अकराशे साठ. वाघळं उतरायची, पोट पाण्याला टेकवायची, आन् पलीकडं एका बाभळीला लटकून पोटावरचं पाणी चाटायची. म्हंजे खरंच पाणी पीत हुती रं. मी पाच सांजा बघितलं, पर बाभळीपातुर नजर न्हेली न्हवती. इस्त्रीवाला मला म्हणाला, "काका, लाईन ह्यांच्या पाणवठ्याच्या दारातच बांधलीय की." मी म्हटलं, व्हय बाबा, आमाला कुठं म्हाईत हुतं. तर म्हणाला, "आम्हांला तरी कुठं होतं."

तुमी गेल्यावर तिसऱ्या दिशी पिल्लू गेलं. सकाळी झोळीला तसंच टांगल्यालं हुतं, थंड. केळं खाया लागलं हुतं. वडाखाली पुरलं. त्या दिशी मी जेवलो न्हाई. अंबूला सांगितलं, हात ठणाकतोय.

दुसऱ्या दिशी लाकूडवाला गाडी घिऊन आला. त्याला चावडीत बशिवला आन् गावसभा बोलावली. हुबा ऱ्हायलो आन् खांबावर कशापायी चढलो ते समद्यांम्होरं खरं सांगितलं. आधी हसली. नानासो म्हणाला, "वाघळांचा सरपंच!" हसू थांबंस्तवर मी हुबाच ऱ्हायलो. मग तुझ्या पोरांनी काढल्याला नकाशा भितीला लावला. वाघळांची वाट लाल, लाईन निळी. म्हटलं, वड तोडला तर वाघळं पल्याडच्या शिवारातल्या आंब्यावर जातील, पाण्याला हितंच येतील, आन् तारा हितंच हायत. मग काय वढा बी तोडायचा? लाईन वरच्या अंगाला, शाळंकडनं न्यायची. खड्डं आमी खणायचं.

शेवटी मी सबूद टाकला. दिवाळीपातुर मला द्या. दिवाळीला लाईट टिकली न्हाई तर वडावर पयली कुऱ्हाड मी घालतो आन् सरपंचकी सोडतो. नानासोनं ते लिवून घ्याय लावलं. दिलं लिवून. डाव्या हातानं.

लाकूडवाला रिकामी गाडी घिऊन गेला. आता तू आन् तुझी पोरं हायत आन् मी हाय.

नाथा


सातारा
६ मे १९७५

प्रिय नाथा,

पिल्लाचं वाचलं. पत्र मेहरुनला वाचून दाखवत होतो, मध्येच थांबलो. ती म्हणाली, "राहू द्या, पुढचं मी वाचते." तुझ्या झोळीला लटकून ते सुखात होतं, एवढं मी त्या चार दिवसांत माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

तू सरपंचकी पणाला लावलीस हे मी वर्गात सांगितलं. आधी सांगणार नव्हतो. मग वाटलं, सांगायला हवं. आपण कागदावर रेघ ओढतो तेव्हा दुसऱ्या टोकाला माणूस उभा असतो, हे कोणत्या पुस्तकात आहे?

मुलांनी पहिला नकाशा काढला तो अकरा नव्या खांबांचा. मी परत दिला. म्हटलं, वाघळांवर दया आणि गावावर अन्याय, असं चालणार नाही. दुसरा आठ खांबांचा, तोही परत. तिसऱ्यात लाईन शाळेच्या कुंपणाला धरून नेली आणि ओढा दोन फर्लांग वर ओलांडला. तिथं डोह नाही, नुसता खडक आहे. चार खांब लागतील. तुझा तो इस्त्रीवाला, प्रभाकर त्याचं नाव, मला विचारत होता, "सर, हे आपण वाघळांसाठी करतोय की लाईटसाठी?" मी म्हटलं, तू सांग. आठ दिवसांनी त्यानं नकाशा आणून दिला, उत्तर दिलं नाही. नकाशा चांगला होता.

शिराळ्याच्या साहेबांनी आधी फाईल बाजूला सरकवली. मी बसून राहिलो. त्यांनी मेलेल्या वाघळांचा आणि उडालेल्या फ्यूजांचा तुझा तक्ता बघितला. तीन महिने, तारीखवार. "हे कोणी लिहिलंय?" म्हणाले. मी म्हटलं, सिग्नलचे हवालदार. मग पेन काढलं. जुन्या गाळ्यातले दोन खांब काढून वापरायचे, दोन ते देणार. खड्डे आणि वाहतूक गावाची. काम पाऊस संपल्यावर.

पाऊस संपेपर्यंत तुझे कान किटतील. सहन कर.

जाफर


करंजखोरे
६ नोव्हेंबर १९७५

जाफरला आन् मेहरुनवयनींना दिवाळीचा राम राम.

वसुबारसंला नवी लाईन चालू झाली. तार केली असती, पर आधी चार सांजा बघून घेतल्या. घाई करून तोंडघशी पडायचं न्हवतं.

खड्डं आठ दिसात झालं. खडक लागला तिथं पयलवान गडी लावलं. खांब बैलगाडीवनं आणलं. नानासोनं आपली बैलं दिली. मला म्हणाला, "तुझ्यासाठी न्हवं, माझ्या नातवाला आभ्यास कराया लाईट पायजे."

सांजंला सारा गाव वढ्यावर. बायका गायवासराची पूजा आटपून आलेल्या. देवळाम्होरचा बल्ब तिथनं दिसतो. अर्जुनानं फ्यूज बसवला. बल्ब लागला. मग वाघळं उठली. ती खाली आली, डोहाला टेकली, वर उठली. वर आता काय न्हाई, मोकळं आभाळ. गेली की गड्या समदी! मी बल्बाकडं बघाय धजत न्हवतो. अंबूनं कोपरानं ढोसलं आन् म्हणाली, "आवं, बघा की तिकडं." लागल्याला हुता.

नानासोनं खिशातनं मी लिवून दिल्याला कागद काढला, माझ्या हातात दिला, आन् चालाय लागला. वड इकायचा माघातला ठराव, तोबी सभंत रद्द झाला.

पाच दिस लाईट गेली न्हाई. साव्या दिशी गेली, पर ती शिराळ्यासनंच गेली हुती. त्यात आमचा दोष न्हाई.

तुझ्या पोरांना सांग, करंजखोऱ्यानं सलाम ठोकलाय.

नाथा


सातारा
१४ फेब्रुवारी १९७६

प्रिय नाथा,

मुलांचं हे शेवटचं वर्ष. करंजखोऱ्याची लाईन हा त्यांचा प्रकल्प. त्याची तोंडी परीक्षा आमची घरचीच असते, बोर्डाची नाही. त्यात बाहेरचा एक परीक्षक मला बोलावता येतो. प्रिन्सिपॉलसाहेबांना तुझं नाव दिलं. त्यांनी विचारलं, शिक्षण? मी म्हटलं, लाईनीवरून पडलेले आहेत. त्यांनी मान्य केलं.

९ एप्रिलला ये. फेटा बांधून ये.

जाफर


सातारा
११ एप्रिल १९७६

अंबूवहिनी,

नाथा सुखरूप पोचला असेल. परीक्षेचं विचारलंत तर "चहा पिऊन आलो" म्हणेल. म्हणून तुम्हांला लिहितो.

तो टेबलामागं ताठ बसला होता, पलटणीत बसायचा तसा. मुलं एकेक आत आली. तारांचा झोळ, खांबांमधलं अंतर, भार, सगळं मी विचारलं. तो ऐकत होता. शेवटी प्रत्येकाला त्यानं एकच विचारलं, "ह्यात चुकलं कुठं?"

पाच जणांनी सांगितलं, चूक नाही. प्रभाकरनं तर हिशेब मांडून दाखवला. नाथा मान डोलवत होता.

सहावा आकाराम. त्याला तोच प्रश्न. तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "चुकलंय, काका. शाळंच्या वरच्या अंगाला चिंचा हायत. एक आजी म्हणाली हुती, पावसाळ्यात तिथं बगळं घरटी करत्यात, शंभर-दीडशे. आपण गेलो तवा उन्हाळा हुता, घरटी न्हवती. मी ऐकलं, पर लिहून घेतलं न्हाई. लाल रेघ काढून झाली हुती. पुन्हा सगळं मोडाय लागलं असतं." त्याचे डोळे भरले होते.

मी हातातलं पेन खाली ठेवलं, वहिनी. हे मला माहीत नव्हतं. तो रकाना माझा, शिकवणारा मी, आणि पावसाळ्यात कोण येतं हे विचारायचं मलाही सुचलं नाही.

तेवढ्यात नाथा म्हणाला, "मला ठावं हुतं."

आम्ही दोघांनी त्याच्याकडं बघितलं. "जल्मापासनं ती बगळं बघतोय. मीबी बोललो न्हाई. लाईट लवकर पायजे हुती." आकारामच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "दोघंबी एकाच गुन्ह्यातलं हाय, लेका. आता जूनच्या आत काय करायचं ते सांग."

मग दोघं नकाशावर वाकले. चिंचेजवळच्या गाळ्यात तारा एकाखाली एक घ्यायच्या, अंतर वाढवायचं, असं काहीतरी चाललं होतं. मला त्यांनी विचारलंसुद्धा नाही. परीक्षा संपली की आकाराम तुमच्याकडे येतोय, मेअखेरपर्यंत राहील. जेवण जास्त करतो, आधीच सांगतो.

मार्कांच्या कागदावर बाहेरच्या परीक्षकाची सही लागते. नाथानं पेन घेतलं आणि मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "परीक्षक, ह्यातली री ऱ्हस्व का दीर्घ रं?" मी म्हटलं, दीर्घ. त्यानं चष्मा पुसला आणि एकेक अक्षर सावकाश काढलं: नाथाजी केरबा शेवाळे, परीक्षक. मग कागद हातात धरून बघत बसला. मुलं बाहेर ताटकळली होती. दोनदा दार वाजलं. मी कोणाला आत सोडलं नाही.

तुमचा,
जाफर